विपश्यनेला पहिल्यांदा जाताय? फॉर्म भरण्यापासून घरी परतल्यावरच्या महिन्यापर्यंत

ओळखीतलं कुणी विपश्यनेला, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानशिबिराला, निघालं की मला फोन येतो आणि दोन प्रश्न ठरलेले असतात. चहा मिळतो का, आणि दहा दिवस न बोलता राहायचं कसं? चहा मिळतो. न बोलणं तर सगळ्यात सोपं. तिसऱ्या दिवशी उलट वाटतं, आता कुणी बोलायला आलं नाही म्हणजे बरं.

जे खरं विचारायला हवं ते कुणी विचारत नाही. मलाही पहिल्या वेळी सुचलं नव्हतं. भीती वाटायला लागली तर काय करायचं? आतून काही निखळल्यासारखं झालं तर कुणाला सांगायचं? घरी आल्यावर महिनाभर कुकरची शिट्टीसुद्धा सहन झाली नाही तर ते बरोबर की चूक? माझी आतापर्यंत तीन शिबिरं झाली. पहिलं फार जड गेलं आणि त्यातला निम्मा दोष मी भरलेल्या फॉर्मचा होता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी आचार्य नाही, डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करणारी बाई आहे. त्या हिशेबानं वाचा.

१. कुठली विपश्यना, ते आधी ठरवा

पुण्यात 'विपश्यना' म्हटलं की बहुतेकांना सत्यनारायण गोएंका गुरुजींची दहा दिवसांची शिबिरं आठवतात. गुरुजी मूळचे मंडालेचे, व्यापारी. मायग्रेनसाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आली होती. ते सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा उ बा खिन यांनी सुरुवातीला नाहीच म्हटलं. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं. हे उ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. हिशेब तपासणाऱ्या माणसानं ध्यान शिकवावं याचं मला, बँकेतली असल्यामुळे असेल, फार कौतुक वाटतं. गुरुजी १९६९ साली भारतात आले, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. २०१३ साली ते गेले. शिबिरात सूचना आणि प्रवचनं आजही त्यांच्याच आवाजात ऐकवतात आणि समोर सहायक आचार्य बसलेले असतात.

पुणेकरांना जवळची केंद्रं दोन. एक शहरातच, स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीत, त्याचं नाव धम्मपुण्ण. दुसरं आळंदीच्या पुढे मरकळला, धम्मानंद. कुठल्या केंद्रावर कधी कुठलं शिबिर आहे हे संकेतस्थळावरच्या वेळापत्रकात बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दहा दिवस एकदम झेपणार नाहीत असं वाटत असेल तर दुसरी वाटही आहे. दापोडीच्या महाविहारात त्रिरत्न बौद्ध महासंघाची मंडळी आनापानसती (श्वासावर लक्ष ठेवणं) आणि मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतणं) शिकवतात. भाजे लेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं शिबिराचं ठिकाणही आहे. ब्रह्मदेशातल्या महासी सयाडो यांची पद्धत आणखी वेगळी. त्यात श्वासाबरोबर पोट वर-खाली होतं ते बघायचं, मनात जे येईल त्याची नोंद करायची आणि बसण्याइतकंच चालतानाही ध्यान करायचं. सगळ्या पद्धती चांगल्या, पण एका वेळी एकच. यूट्यूबवर पाहून सगळ्यांची भेळ करणं हा पहिला सापळा.

२. तीन मराठी शब्द घरी ठेवून जा

हे कुणी सांगत नाही, पण मराठी माणसाचा घोटाळा इथेच होतो.

'वेदना' म्हणजे आपल्याकडे दुखणं. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत वेदना सुखदही असते, दुःखदही असते आणि दोन्ही नसलेलीही असते. गालावर वाऱ्याची झुळूक जाणवली तीही वेदनाच. गोंधळ नको म्हणून शिबिरात बहुधा 'संवेदना' म्हणतात.

'संस्कार' म्हणजे आपल्याकडे आजीनं शुभंकरोति शिकवली ते. इथे संस्कार, पालीत संखार, म्हणजे मनानं पुन्हा पुन्हा दिलेल्या प्रतिक्रियांची साचत गेलेली सवय. त्यामुळे 'संस्कार निघून जातात' हे ऐकून दचकू नका.

तिसरा शब्द सगळ्यात धोक्याचा: 'उपेक्षा'. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. म्हाताऱ्या आईबापांची होते ती. पालीतली उपेक्खा म्हणजे जे आहे ते पूर्ण जाणवत असताना मनाचा तोल राहणं. दुर्लक्षाच्या अगदी उलट. मी पहिल्या शिबिरात मराठी उपेक्षा केली. भीती वाटतेय, उपेक्षा. भूक मेली, उपेक्षा. झोप गेली, उपेक्षा. दोन दिवस मला वाटत होतं की माझी साधना फार छान चालली आहे.

३. फॉर्म भरताना खरं लिहा

दोन-तीन महिने आधी अर्ज करा. सुट्ट्यांच्या दिवसांतली शिबिरं लवकर भरतात. अर्ज ऑनलाइन असतो. भाषा, आधी केलेली साधना, व्यसनं, शारीरिक आजार, चालू औषधं आणि मानसिक आजाराचा किंवा उपचारांचा इतिहास, सगळं विचारतात. प्रवेश पक्का झाल्यावर तारीख जवळ आली की 'येणार ना?' असा निरोप येतो. त्याला उत्तर द्यायला विसरलात तर जागा दुसऱ्याला जाते.

आता माझी चूक. शिबिराच्या दोन वर्षं आधी मला अचानक घाबरण्याचे झटके यायचे. छाती धडधडायची, आता मरतो की काय असं व्हायचं. त्यासाठी मी आठ महिने गोळ्या घेतल्या होत्या. फॉर्मवर त्या रकान्यापुढे मी 'नाही' लिहिलं. 'आता बरी आहे, मग कशाला सांगायचं, उगाच प्रवेश नाकारतील' हा माझा हिशेब.

हा रकाना तुम्हाला वगळण्यासाठी नसतो. दहा दिवस, रोज साधारण दहा तास, डोळे मिटून स्वतःच्या आत बघायचं ही मनाची मोठी शस्त्रक्रिया आहे. हे शब्द माझे नाहीत, शिबिरात स्वतः गुरुजीच तसं म्हणतात. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरपासून आपण दमा लपवतो का? गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी हे शिबिर करू नये, असं नियमावलीतच स्पष्ट लिहिलेलं आहे. विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, हेही त्यातच आहे.

याचा जुळा भाऊ असलेला दुसरा सापळा म्हणजे 'शुद्ध' होऊन जायचं म्हणून आठवडाभर आधी गोळ्या बंद करणं. झोपेच्या, नैराश्याच्या, फिटच्या, बीपीच्या, कुठल्याही गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवू नका. डॉक्टरांना 'मी असं असं करायला जातेय, जाऊ का?' असं सरळ विचारा. ते नको म्हणाले तर नको.

सध्या घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल, घटस्फोटाची केस चालू असेल, बाळंतपणाला सहा महिनेही झाले नसतील, तर माझं मत विचाराल तर थांबा. शिबिर पुढच्या वर्षीही असतं.

४. रजा आणि घरचे

रजा बारा दिवसांची घ्या, दहाची नाही. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. मी म्हणेन की पुढचे दोन दिवसही मोकळे ठेवा. रविवारी परतून सोमवारी सकाळी काउंटरवर बसलेली मी माझ्या डोळ्यांसमोर आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी परावर्तित रजेची तरतूद आहे. आस्थापना शाखेत विचारा आणि परतताना शिबिर पूर्ण केल्याचं पत्र मागून घ्या.

घरी केंद्राचा फोन नंबर लिहून फ्रिजवर लावा. तातडीचा निरोप कार्यालयामार्फत पोहोचतो. 'मुलाची वही कुठे ठेवलीस' हा तातडीचा निरोप नव्हे, हेही सांगून ठेवा.

५. पिशवीत काय

ओळखपत्र आणि प्रवेश पक्का झाल्याचा निरोप. पुरतील इतके सैल, साधे कपडे. अंगाला घट्ट, बिनबाह्यांचे किंवा सळसळ आवाज करणारे नकोत, कारण शांत हॉलमध्ये नायलॉनची पँट वर्तमानपत्रासारखी वाजते. बायकांनी ओढणी न्यावी. एक शाल, उन्हाळ्यातही, कारण पहाटे साडेचारला अंगात थंडी भरते. पांघरूण, उशीचा अभ्रा, टॉर्च, गजराचं साधं घड्याळ, कुलूप, वास नसलेला साबण, डासांचं मलम, छत्री. चालू औषधं पूर्ण दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

मोबाईल तिथे जमा करावा लागतो. पुस्तक, वही, पेन, जपमाळ, बाहेरचा खाऊ नेऊ नका. दोन मोबाईल नेऊन एकच जमा करणारी माणसं असतात. ती फसवतात कुणाला, देव जाणे.

पैसे? राहण्याजेवणाचं शुल्क नाही. दान शेवटी आणि तेही मनाला येईल तितकं. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच ते घेतात. त्यामुळे 'आधी पैसे भरा' असं कुणी सांगत असेल तर काहीतरी गडबड आहे.

६. पहिले तीन दिवस: नाकाखालची जागा

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. अकराला जेवण, पाचला चहा, कुरमुरे आणि फळ. सात वाजता गुरुजींचं प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. पाच शीलं, म्हणजे हिंसा, चोरी, खोटं बोलणं, कामाचार आणि नशा यांपासून दूर राहणं. आणि आर्य मौन, म्हणजे बोलणं नाही, खुणा नाहीत, नजरानजरही नाही.

तीन दिवस फक्त आनापान. श्वास येतो, जातो. तो नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठाच्या वर कुठे लागतो तेवढं बघायचं. श्वास ओढायचा-सोडायचा नाही, तो प्राणायाम झाला. बाबा लोकांची प्राणायामाची शिबिरं केलेले लोक इथे हमखास चुकतात.

दुखणार. गुडघे, पाठ, मांड्यांचे सांधे. पहिल्याच दिवशी तीन-चार उशा रचून नीट आसन जमवा. पद्मासनाची बक्षिसं नाहीत. पाठीचा त्रास खरा असेल तर खुर्ची मागा. मी लाजून मागितली नाही आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या काकू खुर्चीवर बसून माझ्या दुप्पट शांत दिसत होत्या.

आणि खा. पहिल्या वेळच्या साधकांनी संध्याकाळचे कुरमुरे सोडून 'जुन्या साधकां'सारखं नुसत्या लिंबूपाण्यावर राहायची हौस करू नये.

७. चौथा दिवस आणि पुढे

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर मन न्यायचं आणि तिथे जी संवेदना असेल ती बघायची. खाज, उष्णता, ठोके, जडपणा, काहीही. हवी-नको न करता बघायची, कारण ती बदलणारच आहे. अनिच्च, म्हणजे अनित्य. हा शब्द इतक्यांदा कानावर पडतो की घरी आल्यावर दूध उतू गेलं तरी तोंडातून 'अनिच्च' निघतं.

मग सुरू होतं अधिष्ठान. दिवसातून तीन वेळा, तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. नवीन माणसानं चाळीस मिनिटांनी पाय बदलला तर त्यात पाप नाही. आणि पाय बधिर होणं वेगळं, गुडघ्यात जुन्या दुखापतीची कळ येणं वेगळं. दुसऱ्या कळेला शौर्य दाखवू नका.

८. अवघड काय काय येतं

जुने साधक दुसरा आणि सहावा दिवस जड म्हणतात. माझ्यापुरतं ते खरं ठरलं, पण तुमचा कदाचित नववा असेल.

सगळ्यांना येतात ती पाच नीवरणं, म्हणजे ध्यानातले अडथळे: हाव, राग, सुस्ती, चुळबुळ आणि शंका. हावेत पाणीपुरीही येते आणि कॉलेजमधला मुलगाही. राग बहुतेक वेळा शेजारी खोकणाऱ्यावर निघतो. शंका सगळ्यात हुशार. ती 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'पद्धत चांगली आहे, पण तुझ्यासाठी नाही, बॅग भर.' सामान भरायचा विचार बहुतेकांना एकदा तरी येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रकार गोड असतो, म्हणून जास्त फसवतो. एकदम सगळं शरीर हलकं होतं, बारीक बारीक तरंगांचा प्रवाह वाहतो, उजेड दिसतो, डोळ्यांतून आनंदानं पाणी येतं. मनात येतं, पोहोचलो. बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्ग या ग्रंथात अशा दहा गोष्टींची यादीच केली आहे: ओभास, ञाण, पीति, पस्सद्धि, सुख, अधिमोक्ख, पग्गह, उपट्ठान, उपेक्खा आणि निकन्ति. म्हणजे प्रकाश, ज्ञान, प्रीती, शांती यांपासून थेट या सगळ्यांच्या सूक्ष्म ओढीपर्यंत. आणि यादीला नाव काय दिलंय? उपक्किलेस, म्हणजे मळ. ज्याला मी प्रगती समजत होते तो त्यांच्या हिशेबी वाटेवरचा चिखल. दुसऱ्या दिवशी तोच प्रवाह परत यावा म्हणून मी तीन तास झटले. आली ती फक्त डोकेदुखी.

तिसरा प्रकार म्हणजे भीती. त्याच ग्रंथात आणि पुढे महासी परंपरेत त्याचाही क्रम सांगितला आहे. सगळं विरतंय असं दिसणं हा भंग. त्यानंतर भय, आदीनव म्हणजे सगळ्यात दोष दिसणं, निब्बिदा म्हणजे वीट येणं, मग सुटकेची तळमळ. त्याच्याही पुढे समतोलाची पायरी आहे. हे वाचून मला बरं वाटलं होतं, कारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हे माहीत होतं. पण याचा दुरुपयोगही होतो. यादी घेऊन 'मी आता निब्बिदेत आहे' असं स्वतःचं निदान करू नका. सोमवारी ऑफिसला जायचा वीट येतो ती निब्बिदा नव्हे.

माझं असं झालं. सहाव्या दिवशी दुपारी अडीचच्या अधिष्ठानात पायांची जाणीव गेली, मग हातांची. मग 'बघणारं कोण' हेच सापडेना. शांत नाही, भयानक. छाती धडधडायला लागली, आणि ती धडधड माझ्या चांगलीच ओळखीची होती. मी काय केलं? दात आवळून तास पूर्ण केला. उपेक्षा! रात्री झोप नाही. सातव्या दिवशी जेवण जाईना. आठव्या दिवशी सकाळी एका धम्मसेविकेनं, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या बाईनं, ताटात तसाच राहिलेला भात पाहिला आणि मला आचार्यांकडे नेलं.

हे फक्त माझं नाही. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी बौद्ध ध्यान करणारे आणि शिकवणारे अशा लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि ध्यानातल्या अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदले: भीती, झोप उडणं, आवाज-उजेड सहन न होणं, 'मी'पणाची जाणीव बदलणं वगैरे. काहींचं काही दिवसांत निवळलं, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळलं.

आणि खुद्द पाली साहित्यात याहून गंभीर गोष्ट आहे. वैशालीला बुद्धांनी भिक्षूंना अशुभ भावना, म्हणजे देहाच्या ओंगळपणाचं चिंतन, सांगितलं आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. परत येऊन बघतात तर संघ विरळ झालेला. त्या चिंतनानं देहाची इतकी किळस आली की अनेकांनी जीव दिला होता. आनंद या शिष्यानं विनंती केली, दुसरी काही पद्धत सांगा. तेव्हा बुद्धांनी आनापानसती सांगितली, शांत आणि सुखद म्हणून. ही गोष्ट संयुत्त निकायात आहे. ध्यानाचा त्रास होऊ शकतो हे म्हणणं म्हणजे धम्माला नावं ठेवणं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही गोष्ट सांगते.

९. आचार्यांना काय आणि कसं सांगायचं

दुपारी बारा ते एक वैयक्तिक भेटीची वेळ असते. रात्री नऊनंतर हॉलमध्येही विचारता येतं. धम्मसेवकाकडे नाव द्यायचं. मौन आपसात असतं, आचार्यांशी आणि सेवकांशी गरजेचं बोलता येतं. हे मला माहीत होतं, तरी मी गेले नाही, कारण 'एवढ्याशासाठी कशाला'.

तत्त्वज्ञान विचारायला जाऊ नका, साध्या शब्दांत सांगा. 'काल रात्री दोन तास झोपले. जेवण जात नाही. बसल्यावर भीती वाटते, ती उठल्यावरही राहते. आधी असं असं झालं होतं, या या गोळ्या घेतल्या होत्या.' एवढं पुरे.

मला त्यांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. मग म्हणाल्या, शरीरात फिरणं बंद. डोळे उघडे ठेवा, तळहात आणि तळपायांवर लक्ष ठेवा, नाहीतर नुसता श्वास बघा. अधिष्ठान नको. आवारात चाला, झाडं बघा, पोटभर जेवा. संध्याकाळी पुन्हा या. फॉर्मवर 'नाही' का लिहिलं, हेही विचारलं. रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली.

दोन दिवस मी चपला काढून फरशीचा गारवा पायांना जाणवेल एवढंच केलं. भीती गेली नाही, पण तिला टेकायला जमीन मिळाली.

थांबणं अशक्यच झालं तर शिबिर सोडता येतं. पण रागाच्या भरात रात्री कुंपणाकडे जाऊ नका. आचार्यांना सांगा, घरच्यांना बोलावून घ्या आणि एकट्यानं दुचाकी चालवत परतू नका.

१०. दहावा दिवस

सकाळी मंगल मैत्री शिकवतात आणि मौन सुटतं. मग जो कलकलाट होतो! प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतो, 'तुला प्रवाह मिळाला का?' ही तुलना तुमचे दहा दिवस दोन तासांत नासवते. मोबाईल लगेच मिळाला तरी सगळे निरोप त्याच दिवशी वाचू नका.

११. घरी परतल्यावर

मी श्रावणात परतले. राहायला नारायण पेठेत, आणि नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात. संध्याकाळी सात वाजता पहिला ढोल वाजला आणि तो माझ्या बरगड्यांच्या आत वाजला. टीव्ही सहन होईना, रस्ता ओलांडताना रिक्षांचे हॉर्न अंगावर यायचे. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, दहा दिवस गप्प राहून आलीस, आता इथेही गप्पच का?'

पहिले काही दिवस असं हळवेपण बऱ्याच जणांना येतं. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, फ्लॅट विकून डोंगरात जाणं, असले निर्णय पहिला महिना घेऊ नका. घरच्यांना धम्म शिकवू नका. कांदा-लसूण बंद करून स्वयंपाकघरात क्रांती करू नका.

शिबिरात रोज सकाळ-संध्याकाळ तास तास बसायला सांगतात. जमत असेल आणि बरं वाटत असेल तर जरूर बसा. पण बसल्यावर त्रास वाढत असेल तर कमी करा. हे माझं मत आहे, ते आचार्यांना विचारून पडताळा. मी पंधरा मिनिटं आनापान आणि पाच मिनिटं मैत्री एवढ्यावर आले, तेही डोळे अर्धे उघडे ठेवून. बाकी वेळ भाजी निवडली, पर्वतीच्या पायऱ्या चढले, भांडी हातानं घासली. हाताला काम आणि पायाला चाल लागली की मन खाली उतरतं.

सोण कोळीविस नावाचा भिक्षू होता, फार नाजूक पायांचा. येरझाऱ्या घालून ध्यान करता करता पायांतून रक्त आलं, तरी काही साधेना. घरी परत जावं असं मनात आलं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू घरी असताना वीणा छान वाजवायचास ना? तारा फार ताणल्यास तर वाजायची का? आणि फार सैल सोडल्यास तर? तानपुरा जुळवलेल्या कुणालाही यापुढे काही सांगायला नको.

एकदा दहा दिवसांचं शिबिर झालं की जुन्या साधकांसाठीची सामूहिक साधना आणि एक दिवसाची शिबिरं खुली होतात. एकट्यानं कुढण्यापेक्षा तिथे जा. मला तिथे पहिल्यांदा कळलं की घरी परतून महिनाभर रडलेली मी एकटी नाही.

१२. डॉक्टरकडे कधी

ही यादी मात्र न वाचता पुढे जाऊ नका. सलग दोन-तीन रात्री झोप नाही आणि झोपेची गरजच वाटत नाही. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात. आपल्याला खास काही कार्यासाठी निवडलंय अशी खात्री वाटते. आजूबाजूचं जग किंवा स्वतःचं शरीर खोटं वाटतं आणि कामावर बसूनही ते जात नाही. खाणं-अंघोळ सुटलंय. मरावंसं वाटतं. यातलं एकही असेल तर साधना ताबडतोब थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. 'संस्कार निघतायत, निघू दे' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही जुना साधक असो.

खासगी डॉक्टर परवडत नसेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांना ध्यानाचं सगळं सांगा, किती तास, किती दिवस, काय काय दिसलं. ते हसतील असं मला वाटलं होतं. माझ्या डॉक्टरांनी फक्त विचारलं, 'गोळ्या घेतल्या होत्या हे तिथे सांगितलं होतं का?'

दुसऱ्या शिबिराचा अर्ज मी दीड वर्षानं भरला. त्या रकान्यात सहा ओळी लिहिल्या, गोळ्यांच्या नावांसकट. आठवड्यानं फोन आला, डॉक्टरांचं पत्र पाठवा, आणि पहिल्या शिबिरानंतर काय झालं तेही सविस्तर कळवा. पत्र मिळवण्यात, उत्तर येण्यात आणखी दोन महिने गेले. ते मे महिन्याचं शिबिर हुकलं. मला जागा मिळाली डिसेंबरमध्ये, आणि सोबत निरोप: आल्या आल्या आचार्यांना भेटा, आणि जाडसर शाल आणा, पहाटे गारठा असतो.